आई एक सांगते, बाई दुसरंच

सात वर्षांची मुलगी आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून माझ्यासमोर बसली होती. दुसरीतली. शाळेने सोबत चिठ्ठी दिली होती: ‘वर्गात एक अक्षर बोलत नाही. नाव विचारले तरी खाली बघते. ऐकू येते का, समज कमी आहे का, तपासून घ्यावे.’ आईने चिठ्ठीची घडी उलगडून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, हे वाचून वाटलं, बाईंनी दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल लिहिलंय. घरी हिची टकळी मिनिटभर थांबत नाही.” मग तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पलंगावर उशा आणि बाहुल्या ओळीने बसवलेल्या. समोर ही मुलगी, हातात फूटपट्टी. “मागे कोण बोलतंय? हाताची घडी, तोंडावर बोट! कालचा अभ्यास कुणी केला नाही?” मधूनच नसलेला चष्मा बोटाने वर सरकवते, मान किंचित तिरकी करते, पुन्हा ओरडते. पुढे शाळेत गेले आणि वर्गशिक्षिकेला भेटले तेव्हा मला हसू आवरलं नाही. तो चष्मा, ती मान, तो आवाज! वर्षभर मुकी बसलेल्या मुलीने बाईंचा एकूण एक शब्द टिपून ठेवला होता.

त्या संध्याकाळी माझ्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना मी ही हकिकत सांगितली. ते म्हणाले, “दोघींपैकी एक चुकतेय. उगाच दोन-दोन ठिकाणची माहिती गोळा करायची आणि गोंधळ वाढवायचा. आईला धरून चाल, चिठ्ठी बाजूला ठेव.”

त्यांच्याविषयी मला आदर आहे. हे मत एकट्या त्यांचंही नाही. बालरोगतज्ज्ञांत, मुख्याध्यापकांत, समुपदेशकांत ते सर्रास आढळतं आणि पालकांना तर ते पटलेलंच असतं. तरीही ते चूक आहे, आणि या चुकीची किंमत मुलं मोजतात. म्हणून हा खटाटोप.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडते. तो लेचापेचा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही.

मुलाच्या मनाचा त्रास मोजायला रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. कुणाला तरी विचारावंच लागतं. जगभरची रीत अशी की एकाला विचारून थांबू नये. आई, वडील, शिक्षक आणि जाणत्या वयाचं मूल असेल तर ते स्वतः, अशा अनेकांकडून माहिती घ्यावी. या ‘मल्टि-इन्फॉर्मंट’ पद्धतीला मी इथे बहुसाक्षी पद्धत म्हणते. तिच्यावरचा पहिला आक्षेप असा की या साक्षीदारांचं आपसांत जुळतच नाही. १९८७ साली टॉमस आकेनबाख, स्टेफनी मॅकोनॉही आणि कॅथरीन हॉवेल यांनी ११९ अभ्यासांतले आकडे एकत्र करून पाहिले. पालक आणि शिक्षक अशा निरनिराळ्या भूमिकांतल्या माणसांच्या उत्तरांतला सहसंबंध सरासरी ०.२८ निघाला. मूल स्वतःबद्दल जे सांगतं आणि इतर जे सांगतात, त्यांच्यातला ०.२२. तंतोतंत जुळलं तर हा आकडा १ येतो, मुळीच जुळलं नाही तर ०. पुढे २०१५ मध्ये आंद्रेस दे लोस रेयेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतरच्या पाव शतकातले ३४१ अभ्यास तपासले. आकडा पुन्हा ०.२८. म्हणजे एका साक्षीतली जेमतेम ८ टक्के तफावत दुसऱ्या साक्षीवरून सांगता येते. दोन वजनकाटे एकाच गोणीचं इतकं वेगळं वजन दाखवू लागले तर आपण काटे दुरुस्तीला टाकतो. मग हीच शिस्त इथे का नको?

दुसरा आक्षेप साक्षीदारांच्या लायकीवर. स्वतःच खचलेल्या आईला मुलाचं सगळंच काळं दिसतं. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात बाईंच्या नजरेत दंगा करणारं मूल भरतं, कोपऱ्यात मुकाट बसलेलं भरत नाही. आणि नऊ वर्षांच्या पोराकडे स्वतःच्या मनाचं वर्णन करायला शब्द तरी कुठले? तिसरा आक्षेप वेळेचा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते, तिथे शिक्षकांना कोण गाठणार? चौथा सगळ्यांत टोकदार: एवढ्या साक्षी जमवल्या आणि त्या परस्परविरुद्ध निघाल्या, तर पुढे करायचं काय? शेवटी डॉक्टर मनातल्या मनात एकीला झुकतं माप देतातच. मग सुरुवातीलाच एक भरवशाचा साक्षीदार निवडलेला काय वाईट? कायदाही हेच म्हणतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १३४ नुसार कोणतीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नव्हती, आणि त्याच्या जागी आलेल्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. एक विश्वासार्ह साक्षीदार पुरतो.

पूर्वपक्ष हा एवढा आहे. न्यायासनावर वाचक आहेत. आता उत्तरपक्ष ऐकावा.

सुरुवात त्या ०.२८ पासूनच करू, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. १९८७ च्या त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे आणि तो आक्षेपकांच्या तोंडून क्वचितच ऐकू येतो. मुलाला एकाच ठिकाणी, एकाच नात्याने पाहणाऱ्या दोघांच्या उत्तरांतला सहसंबंध, म्हणजे आई आणि वडील, किंवा एकाच मुलाला शिकवणारे दोन शिक्षक, सरासरी ०.६० आहे. दुपटीहून जास्त. आता हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. माणसं मुलांबद्दल सांगताना सरसकट चुकत असती, प्रश्नावल्याच कुचकामी असत्या, तर घरातल्या दोघांचंही जुळलं नसतं आणि शाळेतल्या दोघांचंही नाही. तसं होत नाही. घरातल्या दोघांचं बऱ्यापैकी जुळतं, शाळेतल्या दोघांचंही जुळतं. तुटतं ते घर आणि शाळा यांच्या मध्ये. काटे बिघडलेले असते तर ते जागा बघून बिघडले नसते.

यावर एक खमकं प्रत्युत्तर मला मान्य करायला हवं. आई-वडील एकमेकांशी बोलतात, शिक्षक शिक्षकदालनात बोलतात. त्यांचं जुळणं हा एकमेकांच्या मताचा संसर्ग असू शकतो. शंका रास्त आहे आणि तिचं निरसन निव्वळ प्रश्नावल्यांनी होणार नाही. कुणी तरी त्रयस्थाने मुलाला प्रत्यक्ष पाहायला हवं.

ते पाहून झालेलं आहे. दे लोस रेयेस, हेन्री, टोलन आणि वॉक्शलॅग यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाची मुलं, त्यांच्या वागण्याबद्दल पालकांची आणि शिक्षकांची माहिती, आणि या दोन्हींपासून अलग असं तिसरं, प्रयोगशाळेतलं निरीक्षण. निरीक्षणाची मांडणी विचारपूर्वक केलेली होती. मूल काही वेळ पालकासोबत, काही वेळ अनोळखी परीक्षकासोबत. निष्कर्ष काय निघाला? ज्यांच्याबद्दल फक्त पालकांची तक्रार होती, ती मुलं पालकासोबत असताना बिथरली, परीक्षकासोबत नीट वागली. ज्यांच्याबद्दल फक्त शिक्षकांची तक्रार होती, ती परीक्षकासोबत बिथरली, पालकासोबत नीट राहिली. ज्यांच्याबद्दल दोघांची तक्रार होती, त्यांनी दोन्हीकडे दंगा केला. साक्षीदार परस्परविरुद्ध बोलत होते आणि सगळे खरं बोलत होते.

हा विषय निघाला की कुणी तरी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट काढतं. मला ती इथे पूर्ण गैरलागू वाटते. कोण हात लावतंय ते पाहून हत्ती आपला आकार बदलत नाही. मूल बदलतं. आजीच्या मांडीवर ते एक असतं, गणिताच्या तासाला दुसरं, क्लासच्या बाकावर तिसरं. आंधळ्यांना एकच हत्ती वेगवेगळा भासला. आई आणि बाई यांच्यासमोर खरोखरच वेगळं वागणारं मूल उभं असतं.

आता कायद्याचा दाखला. कलम १३४ मधलं तत्त्व अगदी बरोबर आहे, फक्त ते इथे लागू पडत नाही. न्यायालयापुढे बहुधा एक घटना असते: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाने वार केला की नाही. ती एकदाच घडलेली असते आणि एका डोळस माणसाने पाहिली तर पुरते. मुलाची चिंता, मुलाचं औदासीन्य, मुलाचा आक्रस्ताळेपणा ही एकदाच घडून गेलेली घटना आहे काय? ते सकाळी दप्तर भरताना असतं, मधल्या सुट्टीत असतं, रात्री दिवा मालवल्यावर असतं. या तिन्ही ठिकाणी हजर असलेला साक्षीदार या जगात एकच, तो म्हणजे ते मूल. आणि एकसाक्षीवाले नेमकं त्यालाच विचारायला तयार नसतात.

साक्षीदारांच्या लायकीचा मुद्दा मी जास्त वेळ घेऊन तपासणार आहे, कारण त्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ फार आहे. खचलेल्या आईचं उदाहरण घेऊ. ‘आईलाच नैराश्य आहे, तिचं काय ऐकता’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की ते सिद्ध झालेलं सत्य असावं असं कुणालाही वाटेल. १९९२ साली जॉन रिक्टर्स यांनी या समजुतीला आधार म्हणून दिले जाणारे अभ्यास एकेक करून उलगडले. त्यांना दिसलं ते असं की आईचं म्हणणं अतिरंजित आहे हे ठरवायला लागणारा स्वतंत्र मापदंडच या अभ्यासांत धड नव्हता. आईचं शिक्षकांशी जुळत नाही, म्हणून आई चूक, असा तो न्याय होता. पण शिक्षकांशी न जुळणं तर सगळ्याच आयांच्या वाट्याला येतं! शिवाय नैराश्यातल्या आईच्या मुलांना प्रत्यक्षातही जास्त त्रास असण्याची शक्यता असते, ही बाब वेगळीच. पुढच्या काळातल्या काटेकोर अभ्यासांनी आईच्या मनःस्थितीचा थोडा रंग तिच्या साक्षीत उतरतो हे दाखवलं, ते मी नाकारत नाही. थोडा रंग चढला म्हणून साक्ष रद्द होत नाही. ती दुसऱ्या साक्षीशेजारी ठेवून वाचायची असते.

शिक्षकांच्या नजरेलाही मापपट्टी असते. १९९५ सालचा जॉन वाइझ आणि त्यांच्या थाई-अमेरिकन सहकाऱ्यांचा अभ्यास मला या संदर्भात नेहमी आठवतो. थायलंडमधल्या आणि अमेरिकेतल्या वर्गांत प्रशिक्षित निरीक्षक बसवले. त्यांना अमेरिकन मुलांत आगळीक आणि कामातून लक्ष उडणं थाई मुलांच्या दुप्पट दिसलं. त्याच मुलांबद्दल शिक्षकांना विचारलं तर थाई शिक्षकांच्या तक्रारी अमेरिकन शिक्षकांपेक्षा जास्त निघाल्या! जिथे मुलांनी शांत, नम्र असावं अशी अपेक्षा उंच, तिथे लहानशी चुळबुळही डोळ्यांत खुपते. आपल्या शाळा याहून फार निराळ्या आहेत, असं म्हणायला कुणी धजेल काय? आता एकसाक्षीवाल्यांना विचारते: फक्त शिक्षकांवर विसंबलात, तर त्यांची मापपट्टी केवढी आहे हे तुम्हाला कळणार कशावरून? ते कळतं दुसऱ्या पट्टीने. साक्षीदारात दोष असणं हे दुसरा साक्षीदार बोलावण्याचं कारण आहे. त्याच कारणासाठी त्याला दारातून परत पाठवणं हा तर्क उफराटा झाला.

आणि स्वतः मूल? त्याला काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटाकडे यावं. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये तिथल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. पालकांच्या आणि शिक्षकांच्या प्रश्नावल्यांनी वेचलेली मुलं बहुतांशी निरनिराळी होती. हीच मुलं चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर संशोधक पुन्हा गेले आणि त्यांच्याशी थेट बोलले. त्या वयातल्या कितीतरी मुलांनी जे दुःख, जी आतली घालमेल सांगितली, तिचा पत्ता आई-बापांना नव्हता आणि शिक्षकांनाही नव्हता. १९७६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पन्नास वर्षं होत आली. तरीही आपल्याकडे पौगंडावस्थेतल्या मुलाला दवाखान्यात आणतात तेव्हा तो खुर्चीत बसून असतो आणि त्याच्याबद्दलचं सगळं बोलणं त्याच्या डोक्यावरून चाललेलं असतं. “हा हल्ली उद्धट झालाय”, “मोबाइल सोडत नाही”, “नववीचं वर्ष आहे”. मी त्याला विचारलं की आई मध्येच म्हणते, “तो नाही सांगणार, मीच सांगते.”

अमेरिकेत याचं मोजमापच झालेलं आहे. मे येह आणि जॉन वाइझ यांनी २००१ मध्ये मानसोपचारासाठी आलेल्या ३८१ पालक-मूल जोड्यांना एक साधा प्रश्न केला: तुम्ही इथे कशासाठी आलात? ६३ टक्के जोड्यांत एकाही समस्येवर दोघांचं एकमत झालं नाही. एकाही नाही! अशा वेळी ‘आईला धरून चाला’ या सल्ल्याचा अर्थ काय होतो? ज्या मुलावर उपचार करायचे त्याच्या दृष्टीने जी समस्याच नाही, तिच्यावर वर्षभर काम करायचं, आणि जिच्यापायी त्याची झोप उडाली आहे ती कागदावरही आणायची नाही.

यापुढचा दाखला देताना माझा हात जड होतो, पण तो दिल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. फिलाडेल्फियातला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. ११ ते १७ वर्षांची पाच हजारांहून अधिक मुलं आणि त्यांचे पालक, दोघांनाही वेगवेगळं विचारलेलं. जीव द्यावासा वाटतो असं ज्या मुलांनी सांगितलं, त्यांच्यापैकी निम्म्या मुलांच्या पालकांना याची गंधवार्ता नव्हती. इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, ठीक, मग आईऐवजी मुलालाच एकमेव साक्षीदार माना. थांबावं. ज्या पालकांनी आपल्या मुलाच्या मनात असे विचार येतात असं सांगितलं, त्यांच्या मुलांपैकी ४८.४ टक्के मुलांनी ते नाकारलं. म्हणजे फक्त आईला विचारलंत तर निम्मी मुलं सुटतात, आणि फक्त मुलाला विचारलंत तर आईने ओळखलेली जवळजवळ निम्मी हातची जातात. या दोन याद्यांतली कोणती फाडून टाकायची, हे एकसाक्षीवाल्यांनी मला सांगावं. ज्या घरात अशी शंका येते तिथे दोघांचंही ऐकायचं आणि त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठायचं, याला दुसरा मार्ग मला माहीत नाही.

राहिला तो टोकदार प्रश्न: साक्षी विरुद्ध निघाल्या तर करायचं काय? इथे मला माझ्याच बाजूच्या काही मंडळींशीही भांडायचं आहे. बहुसाक्षी पद्धत मानणारे पुष्कळजण आकड्यांची सरासरी काढून मोकळे होतात. आईने ४ गुण दिले, बाईंनी १६, चला, मुलगी १० वर. त्या मुक्या मुलीची अशी सरासरी काढली तर हाती येते एक बेताची बोलणारी मुलगी. ती घरीही नाही, शाळेतही नाही. ती कुठेच नाही. दुसरे म्हणतात, कुणा एकाने ‘हो’ म्हटलं तरी समस्या धरावी. तिसरे म्हणतात, सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं तरच. दुसऱ्यांच्या रीतीने निरोगी मुलांवर शिक्के बसतात, तिसऱ्यांच्या रीतीने आजारी मुलं निसटतात. हे सारे यांत्रिक नियम एकाच चुकीतून जन्मतात आणि ती चूक आक्षेपकांचीच आहे: तफावत म्हणजे घाण, ती धुऊन काढा.

तफावत वाचायची असते. हेलेना क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली दिशा मला सर्वांत सयुक्तिक वाटते. एकसारखं सांगणारे साक्षीदार जमवण्यात हशील नाही. ज्यांची जागा वेगळी आणि ज्यांची नजर वेगळी असे साक्षीदार मुद्दाम निवडा, म्हणजे मुलाचं स्वतःचं किती, जागेचं किती आणि सांगणाऱ्याच्या नजरेचं किती, हे अलग काढता येतं. आई घरातून पाहते, बाहेरून. बाई शाळेतून पाहतात, बाहेरून. मूल दोन्ही जागी असतं आणि आतून पाहतं. रानात वाट चुकलेला माणूस एकाच डोंगराकडे दहादा बघून आपली जागा ठरवू शकत नाही. त्याला दोन-तीन वेगवेगळ्या खुणा लागतात.

विरोधकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अवधान-अस्थिरता आणि अतिचंचलता, म्हणजे आपण ज्याला रोज एडीएचडी म्हणतो, त्याचं निदान करायला मान्यताप्राप्त निकष असा आहे की लक्षणं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत. नुसती घरी दिसली तर पुरत नाहीत, नुसती शाळेत दिसली तरी नाहीत. एकाच साक्षीदारावर हे निदान कसं व्हावं? आईच्या एकटीच्या सांगण्यावरून जो डॉक्टर एडीएचडीची गोळी लिहून देतो, तो आपल्याच शास्त्राचा निकष मोडतो आहे.

कबुली द्यायची तर इथेच देते. प्रत्येक साक्षीदार प्रत्येक प्रश्नावर सारखाच उपयोगी असतो असं मी म्हणत नाही. स्वतःच्या चंचलतेबद्दल मूल सहसा फारसं सांगू शकत नाही, तिथे बाईंची साक्ष वजनदार. मनातल्या भीतीबद्दल आणि उदासीबद्दल मुलाची साक्ष वजनदार. कुणाला कशाबद्दल विचारायचं यात तारतम्य हवंच. पण तारतम्य ठेवायला आधी साक्षीदार एकाहून जास्त हवेत.

वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्याकडे बालमानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि मुलं अगणित. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. पन्नास जणांच्या वर्गात तीन-चार मुलं. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांची तारांबळ मी जवळून पाहिली आहे. पण दुसऱ्या साक्षीला लागतो तरी किती वेळ? रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये तयार केलेली बलस्थानं आणि अडचणींची प्रश्नावली अवघ्या २५ विधानांची आहे. तिची एक प्रत पालकांसाठी, एक शिक्षकांसाठी आणि एक ११ वर्षांवरच्या मुलासाठी. चहा निवेपर्यंत भरून होते. ब्रिटनमधल्या १९९९ च्या पाहणीत ५ ते १५ वयाच्या ७,९८४ मुलांवर ती वापरली गेली. अनेकांची उत्तरं एकत्र वाचल्यावर विकार असलेल्या मुलांपैकी ६३.३ टक्के ओळखली गेली आणि विकार नसलेल्यांपैकी ९४.६ टक्के बरोबर बाजूला राहिली. एकाच सांगणाऱ्यावर विसंबल्यावर ओळखण्याची ही ताकद बरीच घसरली. ६३ हा आकडा काही फार मोठा नाही. विशिष्ट गोष्टींच्या भीतीची आणि आईपासून दूर होण्याच्या भीतीची निम्म्याहून अधिक मुलं तरीही हुकली. पण दोन-तीन साक्षींनी ही गत, तर एका साक्षीने काय होत असेल? आणि हुकलेलं मूल जेव्हा दोन वर्षांनी जास्त आजारी होऊन त्याच ओपीडीत येतं, तेव्हा लागणारा वेळ कुणाच्या खात्यावर मांडायचा?

शिवाय ही तफावत स्वतःच काही सांगून जाते. रॉबर्ट फर्डिनांड आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांचा काही वर्षं माग काढला. मुलाच्या त्रासाबद्दल पालक आणि मूल यांच्या सांगण्यातलं अंतर पुढच्या काळातल्या वाईट परिणामांचा अंदाज देत होतं. घरात एकमेकांचं दुःख एकमेकांना दिसत नाही, हीच एक जोखीम आहे. एकाच साक्षीदाराला विचारणाऱ्याला हे अंतर दिसण्याची सोयच नाही. त्याच्याकडे मोजायला दुसरं टोक नसतं.

आता त्या मुलीकडे परत येते. माझे स्नेही म्हणाले तसं चिठ्ठी बाजूला ठेवली असती, तर आईला मी “घरी छान बोलते ना, मग काळजी करू नका, मोठी झाली की सुधारेल” असं सांगून परत पाठवलं असतं. आईला बाजूला ठेवलं असतं, तर मुलीची श्रवणचाचणी झाली असती, बुद्ध्यंक मोजला गेला असता, आणि माझ्यासमोर तोंडच न उघडणाऱ्या मुलीचा बुद्ध्यंक किती आला असता हे सांगायला नको. दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या तेव्हाच तिसरी गोष्ट दिसली: निवडक मूकता. ओळखीच्या माणसांत मोकळं बोलणाऱ्या मुलाची वाचा ठरावीक ठिकाणी भीतीने बसते. या विकाराची व्याख्याच आई आणि बाई यांच्या परस्परविरोधावर उभी आहे. एकीला खोटं ठरवलं की आजारच नाहीसा होतो, कागदावर.

उपचारही त्या दोन साक्षींतूनच निघाला. शाळा सुटल्यावर आई मुलीला घेऊन रिकाम्या वर्गात बसू लागली. पहिल्या आठवड्यात दोघींनी नुसते पत्ते खेळले, मुलगी कुजबुजली. दुसऱ्या आठवड्यात तिने आईला बालभारतीतला धडा वाचून दाखवला, अगदी हळू. तिसऱ्या आठवड्यात वर्गाचं दार उघडं ठेवलं आणि बाहेर व्हरांड्यात बाई वह्या तपासत बसल्या, पाठमोऱ्या. मुलीचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. पाचव्या आठवड्यात बाईंची खुर्ची दाराच्या आत आली होती. त्या दिवशी आई घाईत होती, दप्तर आवरत होती. मुलगी बाकावरून उठली, दोन पावलं पुढे गेली आणि म्हणाली, “बाई, तुमचं लाल पेन खाली पडलंय.”